शेडच्या कोब्यावर ऑइल, गंज आणि पांढरी पावडर : कशाला काय लावायचं?

नंदगड_शेडवाला

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात घराला लागून १२ बाय १८ फुटांची गाडीची शेड आहे. खाली साधा सिमेंटचा कोबा, वर फरशी नाही आणि रंगही नाही. घालून चार वर्षं झाली. आत कार आणि छोटा ट्रॅक्टर उभा असतो.

ट्रॅक्टरच्या इंजिनखाली साधारण दोन फूट बाय दीड फुटाचा काळा डाग आहे, जुना, ऑइल पार मुरलेलं. डिझेलचा लोखंडी ड्रम ठेवतो तिथे तांबूस गोल वळं उमटलंय. मागच्या भिंतीच्या कडेने पाऊस संपला की पांढरी पावडर वर येते, झाडली तरी परत येते. टायरचे काळे पट्टे आहेत ते वेगळेच. कुणी रॉकेल सांगतं, कुणी ॲसिड, कुणी नुसता निरमा. मला क्रमाने सांगा : कोणत्या डागाला काय, किती आणि किती वेळ ठेवायचं? सगळं साफ झाल्यावर दसऱ्याच्या आत वरून रंग मारायचा विचार आहे.

उद्यमबाग_मशिनवाला

दादा, आधी ऑइलचं बघू. चुकीच्या उपायाने वाढतो तो हाच डाग.

कोबा दिसायला घट्ट असला तरी त्याला बारीक छिद्रं असतात आणि जुनं ऑइल त्यांत काही मिलिमीटर खाली गेलेलं असतं. वरून कितीही घासा, वरचा थर तेवढा उजळतो. पुढे ऊन तापलं की आतलं ऑइल परत वर येतं आणि लोक म्हणतात डाग निघतच नाही. म्हणून आधी ऑइल वर ओढून घ्यायचं, धुणं त्यानंतर.

रॉकेल किंवा डिझेल सुटं ओतू नका. त्याने ऑइल पातळ होतं हे खरं, पण पातळ झालेलं थोडं फडक्याला लागतं आणि बाकीचं आणखी खोल आणि बाजूला पसरतं. दोन फुटांचा डाग तीन फुटांचा होतो. शिवाय बंद शेडमध्ये आगीची भीती.

करायचं ते लेप लावून. रंगाच्या दुकानात खडू पावडर (व्हायटिंग) आणि मिनरल टर्पेंटाइन मिळतं. तुमच्या डागाला साधारण साडेतीन किलो पावडर आणि लिटरभर टर्पेंटाइन लागेल. सगळं टर्पेंटाइन एकदम ओतू नका. थोडं थोडं घालत कालवा, लांबीसारखं (पुट्टीसारखं) घट्ट झालं पाहिजे. थापी उभी धरली तर ओघळता कामा नये. ओघळलं तर पावडर वाढवा.

लावण्याआधी वरचा चिकट काळा थर जुन्या पटाशीने किंवा पत्र्याने खरवडून काढा. मग लेप डागाच्या कडेच्या बाहेर दोन इंच जाईल असा पसरा, जाडी साधारण ६ मिलिमीटर. वर प्लास्टिकचा कागद, चारही कडा चिकटपट्टीने बंद, आणि २४ तास तसंच ठेवा. या वेळात टर्पेंटाइन आत जाऊन ऑइल सैल करतं.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. प्लास्टिक काढल्यावर लेप लगेच खरवडायचा नाही. तो उघडा ठेवून पूर्ण सुकू द्यायचा, आणखी एक दिवस, ढगाळ हवेत दोन. लेप सुकतो तेव्हाच सैल झालेलं ऑइल कोब्यातून वर पावडरीत चढतं. ओला असतानाच काढला तर टर्पेंटाइन आणि ऑइल दोन्ही खालीच राहिलं समजा. सुकलेला लेप भुगा होऊन सुटतो. तो पिवळट किंवा तपकिरी झाला असेल तर काम होतंय. वापरलेली पावडर परत वापरू नका. जुन्या डागाला दोन किंवा तीन वेळा लागतंच. लेप पांढराच निघाला की थांबा.

टर्पेंटाइन लावलेलं असताना शटर उघडं ठेवा. बिडी-सिगारेट नको, गॅस नको, आणि शेडमध्येच इन्व्हर्टर किंवा पंपाचा स्टार्टर असेल तर तो आधी बंद करा.

कोबामिस्त्री_येळ्ळूर

वरचं बरोबर आहे. धुण्याचं मी सांगतो.

लेप झाल्यावर दहा लिटर कडक गरम पाण्यात अर्धा किलो धुण्याचा सोडा आणि दोन मुठी कपड्याची पावडर. एवढ्यात शंभरेक चौरस फूट होतंय. धुण्याचाच सोडा घ्या, खायचा नव्हे. खायचा सोडा फार सौम्य, ऑइलला त्याचं काही चालत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर पावडरीला फेस येत नाही. सोड्याने पाणी मऊ होतंय, म्हणून सोडा आधी विरघळवा आणि पावडर मागून टाका.

पाणी ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, पण सुकू द्यायचं नाही. सुकलं तर सुटलेली घाण परत तिथंच बसते आणि सोड्याचा पांढरा पापुद्रा धरतो तो वेगळा. शेड मोठी असेल तर चार भाग पाडा आणि एकेक भाग पुरा करून पुढे सरका.

ब्रश नायलॉनचा, राठ केसांचा, लांब दांडीचा. तारेचा ब्रश नको. त्याच्या तारा तुटून छिद्रांत अडकतात आणि पहिल्या पावसाळी हवेत ठिपक्या-ठिपक्यांनी गंज धरतो. मग ऑइलचा एक डाग घालवायला गंजाचे शंभर.

प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखी धार पडणारा नोझल लावा आणि फुटभर अंतर ठेवा. बारीक सरळ धार जवळून मारली की वरचं सिमेंट उडून खडी उघडी पडते. तशी खडबडीत झालेली जागा पुढे दुप्पट घाण धरते.

धुतल्यावर साध्या पाण्याने दोनदा खळबळून वायपरने ओढा. जागा वाळली की थेंबाची परीक्षा : डागावर पाण्याचे चार थेंब टाका. मिनिटभरात जिरून कोबा गडद झाला तर छिद्रं मोकळी झालीत. थेंब मोत्यासारखे वरच बसले तर आत अजून ऑइल आहे, आणखी एक लेप.

टिळकवाडी_घरमालक

एवढा खटाटोप कशाला? टाइल्स धुवायचं ॲसिड बाटलीभर ओता आणि खराट्याने घासा. फेस येतो आणि सगळं पांढरंशुभ्र होतं.

सीमाभाग_केमिस्ट

तसं करू नका. तो फेस डागाचा नसतो, तुमच्या कोब्याचा असतो.

टाइल्सचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते सिमेंटमधला चुना विरघळवतं, त्याचा तो फेस. ऑइलवर ॲसिडचा काहीच परिणाम होत नाही. उलट ऑइलने माखलेल्या जागी ॲसिड सिमेंटपर्यंत पोचतच नाही, म्हणून तिथे फेस येत नाही आणि आजूबाजूचा चांगला कोबा मात्र झिजतो. पांढरंशुभ्र दिसतं कारण वरची साय निघून गेलेली असते. त्यानंतर तोच कोबा पावडर सोडू लागतो आणि पुढचं ऑइल झपाट्याने पितो.

दुसरं, त्याची वाफ. बंद शेडमध्ये उघडी बाटली ओतली तर बोल्ट आवळायचे पाने, जॅक, शटरच्या पट्ट्या, ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडी भागांवर दुसऱ्या दिवशी तांबूस थर दिसतो. आणि गंजाच्या डागावर ते टाकलं तर लोखंड विरघळून पिवळं पाणी होतं आणि तो पिवळेपणा कोब्यात आणखी आत उतरतो.

सगळ्यात महत्त्वाचं : ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा संडास-बाथरूमचं क्लोरीनचं औषध एकाच जागी, एकाच दिवशी, एकाच बादलीत कधीही नको. क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या शेडमध्ये तो जिवावर बेततो. शेवाळाला ब्लीच वापरलं असेल तर ती जागा भरपूर पाण्याने धुऊन वाळू द्या, त्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू नका.

आता ड्रमच्या वळ्याचं. त्याला दोन रस्ते आहेत.

पहिला झटपट : ऑक्झॅलिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. हातमोजे, चष्मा घालूनच, कारण ते विषारी आहे. मुलं आणि जनावरं दूर ठेवा. कोबा आधी पाण्याने ओला करा, म्हणजे द्रावण खोल शोषलं जाणार नाही. मग द्रावणात बुडवलेलं सुती फडकं वळ्यावर वीस-तीस मिनिटं पसरा, नायलॉन ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. यात एक खोट आहे. ऑक्झॅलिक ॲसिड सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून न विरघळणारा पांढरा थर करतं, त्यामुळे डाग जातो पण तिथे फिकट ढग राहू शकतो. आणि हे खडू पावडरीत कालवू नका. खडू म्हणजे चुनखडीच, ॲसिड तिच्यावरच खर्ची पडेल. लेप करायचाच तर संगजिरा (टाल्क पावडर) घ्या.

दुसरा रस्ता सावकाश, पण कोब्याला न खाणारा. माझा कौल याला. ३०० मिलिलिटर कोमट पाण्यात ४० ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवा. त्यात सुमारे ५० ग्रॅम खायचा सोडा चिमटी-चिमटीने टाकत राहा, फसफस पूर्ण थांबेपर्यंत. एकदम टाकला तर उतू जाईल, म्हणून भांडं मोठं घ्या. आता ते ॲसिड राहिलं नाही, सोडियम सायट्रेट झालं. त्यात तेवढंच, म्हणजे ३०० मिलिलिटर ग्लिसरीन मिसळा. ग्लिसरीनमुळे लेप लवकर सुकत नाही. इथे खडू पावडर चालते, कारण ॲसिड उरलेलं नाही. घट्ट लेप करून वळ्यावर लावा, प्लास्टिकने झाका, दोन-तीन दिवस ओला राहू द्या. सायट्रेट लोखंडाला धरून ठेवतं आणि लेपाबरोबर वर आणतं. एका वेळेत गेलं नाही तर ताजा लेप लावा.

पण ड्रम परत तिथेच ठेवला तर वळंही परत येणार. खाली लाकडी फळ्या टाका, ड्रमचा तळ आणि कोबा यांत हवा खेळली पाहिजे.

नंदगड_शेडवाला

फार उपयोगी माहिती, आभारी आहे. दोन गोष्टी राहिल्या. भिंतीकडची पांढरी पावडर, आणि रंग. दुकानदार इपॉक्सी (कडक थर बसणारा रंग) घ्या म्हणतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची गाड्यांची पूजा शेडमध्येच होते, त्याच्या आधी उरकता आलं तर बरं.

कोबामिस्त्री_येळ्ळूर

दसऱ्याच्या आधी रंग नको दादा. स्पष्टच सांगतो.

खानापूर भागात जून ते सप्टेंबर जमीन पाण्याने भरलेली असते. कोबा वरून कोरडा दिसला तरी खालून ओल चढत असते. तुमची पांढरी पावडर हाच त्याचा पुरावा. जमिनीतलं आणि सिमेंटमधलं मीठ पाण्याबरोबर वर येतं, पाणी उडून जातं, मीठ राहतं. त्याच्यावर इपॉक्सी मारलं की ओल खाली कोंडते आणि फोड येतात. मग पापडासारखे तुकडे निघतात.

आधी परीक्षा करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फुटाचा तुकडा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट, किमान १६ तास. मागच्या भिंतीशी एक, मधे एक आणि शटरजवळ एक असे तीन तुकडे लावा. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा गडद झाला तर रंगाचं नाव काढू नका. फेब्रुवारी ते एप्रिल हाच रंगाचा काळ. त्या वेळी परत हीच परीक्षा घ्या आणि कोरडी निघाली तरच रंग.

पांढरी पावडर पाण्याने धुवायची नाही. पाण्यात विरघळून ती परत आत जाते आणि आठवड्याने वर येते. तुमची झाडूनही येत राहते, कारण खालची ओल थांबलेली नाही. कोरड्या राठ ब्रशने खरवडा, सुपलीत भरा, बाहेर टाका. मुळावर इलाज म्हणजे पाणी अडवणं. भिंतीबाहेर जा आणि बघा : बाहेरची माती कोब्याच्या पातळीपेक्षा वर आहे काय? बहुतेक असणारच, दरवर्षी पावसात माती येऊन साठते. ती खणून कोब्यापेक्षा सहा इंच खाली न्या. भिंतीपासून लांब उतार द्या, मीटरला दोन सेंटीमीटर पुरे. पत्र्याच्या पागोळ्या भिंतीशीच पडत असतील तर पन्हाळ लावून पाणी दूर सोडा. एवढं केलं की पुढच्या वर्षीची पावडर निम्म्याहून कमी होते. रसायनाने हे होत नाही.

उद्यमबाग_मशिनवाला

इपॉक्सीबद्दल माझंही तेच मत, त्यात एक भर. ऑइल मुरलेल्या जागी इपॉक्सी धरतच नाही, उन्हाळ्यात मारलं तरी. आणि नुसतं धुऊन मारायचं नसतं, मशीनने वरचा थर घासून खडबडीत करावा लागतो. एका ट्रॅक्टरच्या शेडला एवढा खर्च करण्यापेक्षा सिलेन-सिलॉक्सेनचा आत मुरणारा सीलर बरा. त्याचा वर थर बसत नाही, त्यामुळे निघायला काही नसतं आणि खालची वाफ बाहेर पडायला वाट राहते. मात्र तो ऑइल पूर्ण अडवत नाही, मुरायला वेळ लावतो एवढंच. सांडलं की त्याच दिवशी पुसलं तर डाग राहत नाही.

टायरचे पट्टे राहिले. उघड्या कोब्यावर ते बहुतेक घासलेलं रबरच असतं, मिस्त्रींनी सांगितलेल्या सोड्याच्या गरम पाण्यात जातं. जिथे राहील तिथे टर्पेंटाइनचं फडकं.

चिकोडी_ऊसवाला

गळती बंद न करता कोबा धुणं म्हणजे पाण्यात पैसे. ट्रॅक्टर पुसून कोरडा करा आणि खाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी थेंब कुठे पडलाय ते बघा. पुढच्या बाजूला, काळा आणि पातळ : इंजिन ऑइल, बहुतेक चेंबरचं (इंजिनच्या तळाच्या ऑइल टाकीचं) पॅकिंग किंवा ड्रेन बोल्टचा वायसर. बोल्ट आवळत बसू नका, तांब्याचा वायसर दहा-वीस रुपयांचा, तो बदला. मागच्या बाजूला मधासारखं, घट्ट : गिअर किंवा हायड्रॉलिकचं ऑइल, सील गेलेलं. हिरवं किंवा गुलाबी, बोटाला चिकट पण पाण्यात मिसळणारं : रेडिएटरचं कुलंट. ते साध्या पाण्याने धुऊन जातं, पण विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात. दिसलं की लगेच पुसायचं.

गळती काढेपर्यंत खाली पत्र्याचा ट्रे ठेवा, दोन बाय तीन फूट, कडा इंचभर वळवलेल्या. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे करून मिळतो. तळाला सॉ मिलचा भुसा पसरा.

ताजं ऑइल सांडलं तर घासू नका आणि पाणी मारू नका. भुसा किंवा कोरडं सिमेंट टाकून बुटाने हलकं दाबा, तासाभराने झाडून घ्या. सिमेंट वापरलं तर पाणी लागायच्या आत झाडा, नाहीतर तिथेच धरून बसेल.

सीमाभाग_केमिस्ट

पूजेचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते, कारण धुतलेल्या, छिद्रं मोकळ्या झालेल्या कोब्यावर त्या दिवशी नवे डाग पडतात.

चाकाखाली चिरडलेलं लिंबू सगळ्यांत वाईट. लिंबाचा रस ॲसिडच आहे. चाकाच्या ठशाएवढी जागा रात्रभरात खाल्ली जाते आणि तिथे कायमचा फिकट, खडबडीत चट्टा राहतो. हा डाग घालवता येत नाही, कारण तिथून सिमेंटच गेलेलं असतं. गाडी अंगणात मातीवर घेऊन लिंबं चिरडा, किंवा चाकाखाली फळी ठेवा.

हळद ओल्या कोब्यावर पडली की लालसर होते. कोबा अल्कधर्मी असतो आणि त्याला लागून हळदीचा रंग पालटतो, घाबरू नका. कोरडी असतानाच झाडून घ्या. उरलेला डाग उन्हात काही दिवसांत फिका पडतो. शेडच्या आत ऊन येत नसेल तर ब्लीचिंग पावडरीचं पातळ पाणी पंधरा मिनिटं ठेवून धुवा (आसपास कुठलंही ॲसिड नको, वर लिहिलंय). कुंकवाचा रंग मात्र जिद्दी. ते ओलं होऊ देऊ नका. पूजेआधी खाली पोतं पसरलं तर हा सगळा त्रास वाचतो. नारळ आणि कोहळा शेडच्या बाहेर फोडा, पाणी आणि गर कोब्यात गेला की मुंग्या आणि बुरशी दोन्ही.

नंदगड_शेडवाला

ठरलं. दसऱ्याआधी ऑइलचे लेप आणि धुणं, ड्रमखाली फळ्या, भिंतीबाहेरची माती पाऊस थांबला की काढतो. रंग रद्द, उन्हाळ्यात परीक्षा करून सीलर. शेवटचं एकच : ऑइल ओढलेली पावडर आणि भुसा टाकायचा कुठे? घरामागे विहीर आहे.

उद्यमबाग_मशिनवाला

विहिरीच्या बाजूला अजिबात नको, आणि परसातल्या खड्ड्यात पुरूही नका. आपल्याकडची तांबडी माती पाणी पटकन खाली सोडते, थोडं ऑइल विहिरीत उतरलं तरी पाण्याला वास आणि तवंग येतो. गटारातही नको. गटार ओढ्याला मिळतं आणि तिकडचा ओढा मलप्रभेला.

टर्पेंटाइनचा लेप आधी उघड्यावर, घरापासून लांब, पत्र्यावर पसरून पूर्ण उडू द्या. वास गेला की जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा. भुसा वेगळ्या पिशवीत. हे चुलीत किंवा बंबात घालू नका, ऑइलच्या धुराने घर काळं होतं आणि धूरही वाईट. ऑइल बदलून देणाऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये काळं ऑइल उचलायला परवानाधारक माणूस येतो, पिशव्या त्यांच्याकडे द्या. आधी फोन करून विचारा, सगळेच भुसा घेत नाहीत. ट्रेमध्ये साठलेलं सुटं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवा, सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला मागून नेतात. पण त्यात टर्पेंटाइन किंवा कुलंट मिसळू देऊ नका, मिसळलेलं कुणी घेत नाही.

धुण्याचं पाणी शटरच्या बाहेर जायच्या आत भुशाचा बांध घाला. चार इंच उंच, शटरच्या रुंदीएवढा. तवंग भुशात अडकतो, मग तो भुसाही त्याच पिशवीत.